देजाची जाळी

मोठागावची मुलीकडची मंडळी दारात यायच्या आधी मंजुळाने घरात ताकिदी देऊन ठेवल्या. गोमाजीभावजींनी आपल्या तुटक्या बोटांवरचे विनोद करायचे नाहीत. नंदाने बापाशी वाद घालायचा नाही. आणि दामाजीने पाहुण्यांपुढे कारखान्याच्या बढाया मारायच्या नाहीत. दीर, लेक, नवरा, तिघांनीही माना डोलावल्या. या घरात मान डोलावणं आणि ऐकणं यांचा एकमेकांशी संबंध नसतो हे तिला सासरी आल्यापासून ठाऊक होतं, पण सांगून ठेवलेलं बरं असतं, मागाहून बोलायला तोंड राहतं.

सत्याऐंशी सालचा माघ चालू होता. बाळकुमात मांडवांचे दिवस सुरू झाले होते आणि आज मंजुळाच्या प्रभाकरची सुपारी होती. मुलगी पसंत होती, म्हणजे प्रभाकरने ती आधीच पसंत करून ठेवली होती. मोठ्यांनी बसून देज ठरवायचं आणि सुपारी फोडायची, एवढंच राहिलं होतं. देजाचा हा प्रकार बाहेरच्यांना उलटा वाटतो. शेजारच्या नव्या बिल्डिंगीतल्या सबनीसबाईंनी तर एकदा डोळे मोठे करून विचारलं होतं, म्हणजे मुलाकडचे तुम्ही, आणि द्यायचं तुम्हीच? हो, आमच्यात तुमच्यासारखं नसतं, असं मंजुळाने ठसक्यात सांगितलं होतं. ठसका खरा होता, पण देज ठरेपर्यंत धास्ती असतेच.

मुलगी उत्तरा. वागळे इस्टेटमधल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ती जखमा बांधायचं काम करायची. दोन पावसाळ्यांपूर्वी गोमाजीचा उजवा हात टॉवेलात गुंडाळून प्रभाकर तिथे धावत गेला होता. गोमाजीची दोन बोटं पेरापासून गेली ती गेलीच, पण काकाला रोज ड्रेसिंगला न्यायचं काम पुतण्याने इतक्या आवडीने केलं की जखम भरल्यावरही काका-पुतणे बरेच दिवस जात राहिले. “माझी दोन बोटं गेली तेव्हा कुठं याला बायको मिळाली,” हा गोमाजीचा लाडका विनोद. सगळे हसायचे. मंजुळाही हसायची, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवायची.

दामाजीचा कारखाना म्हणजे वागळे इस्टेटमधली एक पत्र्याची शेड आणि तिच्यात बारा प्रेस मशिनं. लोखंडी पट्टी हाताने पुढे सरकवायची, पायाने पेडल दाबायचं, वरून ठोकळा आदळतो आणि खाली वॉशर पडतो. पट्टी लांब असते तोवर बोटं दूर असतात. ती वीतभर उरली की बोटं ठोकळ्याखाली जायला लागतात. त्या उरलेल्या तुकड्याला शेडमध्ये शेपूट म्हणायचे. शेपूट टाकायचं नाही, त्यातूनही निघतील तेवढे वॉशर काढायचे, हा दामाजीचा कायदा. खाडीवर जन्मलेला माणूस, मासळीचं डोकं-शेपूट काही वाया न घालवणारा. लोखंडालाही त्याने तोच न्याय लावला होता.

नंदा बी.कॉम. होऊन शेडच्या ऑफिसात बसायला लागली आणि तेव्हापासून बापाच्या मागे लागली. बाबा, मशिनांना गार्ड बसवा. ठोकळ्यासमोर लोखंडी आडोसा, त्याला फक्त पट्टी शिरेल एवढी फट. पट्टी जाते, बोट जात नाही. दामाजीचं उत्तर ठरलेलं होतं. गार्ड लावला की शेपूट वाया, वेळ वाया, आणि ज्याचं लक्ष कामावर असतं त्याला गार्ड लागत नाही. दिवाळीत तर दोघांचं असं वाजलं की दामाजीने हातातली करंजी ताटात टाकली आणि जाहीर केलं, या घरात गार्ड हा शब्द यापुढे कोणी काढायचा नाही.

मंजुळाने तो कधीच काढला नव्हता. प्रभाकरही त्याच मशिनांवर बसायचा. संध्याकाळी घरी येऊन तो चपला काढायचा तेव्हा ती त्याच्या हातांकडे बघायची. दोन्ही धड आहेत एवढं बघायची आणि चहा टाकायची. भीती वाटते हे नवऱ्याला सांगायचीही तिला भीती वाटे, कारण तो हसला असता.

आणि मागच्या आठवड्यात जांभळी नाक्यावर भाजी घेताना उत्तरा भेटली.

“मावशी, माझ्या बापूंना मी सांगून ठेवलंय,” ती हळूच म्हणाली. “देजात पैसा नको, दागिना नको. मशिनांना गार्ड पाहिजेत. बारा मशिनं, बारा गार्ड.”

मंजुळाच्या हातात मेथीची जुडी तशीच राहिली. आपल्याला इतक्या वर्षांत सुचलं नाही ते या पोरीला उंबरा ओलांडायच्या आधीच सुचलं, याचं तिला कौतुकही वाटलं आणि थोडं लागलंही.

“गार्ड नको बोलूस,” ती म्हणाली. “तो शब्द ऐकला की हे पाटावरून उठतील. बापूंना सांग, जाळी बोला. जाळीच असते ना ती?”

“जाळीच असते.”

“मग झालं तर.”

यात कसलाही कावा नव्हता, हे मंजुळाच्या बाजूने सांगायला हवं. कडू औषध गुळातून द्यावं, एवढाच तिचा हेतू होता. पुढे जे झालं ते झालं.

मंडळी दहाच्या सुमाराला आली. उत्तराचा बाप राघो, मोठागावच्या खाडीवर अजून होडी घालणारा, बोलण्यात सावकाश. त्याची थोरली बहीण दगडाबाई, ती मात्र जिभेने सावकाश नव्हती. उत्तरा रीतीप्रमाणे आली नव्हती, तिचा दवाखाना रविवारीही सकाळी उघडा असायचा. ओटीवर सतरंजी पडली. प्रभाकर इस्त्रीच्या शर्टात कोपऱ्यात बसला आणि आपण तिथे नाहीच असं दाखवायचा प्रयत्न करू लागला.

पोहे झाले. दामाजीने कारखान्याच्या बढाया पोह्यांबरोबरच सुरू केल्या होत्या, त्या संपल्यावर तो मूळ विषयावर आला.

“बोला व्याही. लाजू नका. एकच पोरगा हाय माझा. मोकळ्या मनानं मागा.”

राघोने बहिणीकडे बघितलं. बहिणीने हनुवटी वर केली.

“शेठ, आमाला पैसा नको,” राघो म्हणाला. “सोना नको. पोरीची एकच मागणी हाय. जाळी द्या.”

“जाळी?”

“बारा जाळी.”

आता भडका उडणार म्हणून मंजुळाने पदर घट्ट धरला. पण भडका उडाला नाही. उलट दामाजीच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की तिला ओळखीचंच वाटेना. दामाजीच्या बापाची होडी होती. ती विकली, दामाजी वागळे इस्टेटमध्ये नोकरीला लागला, मग स्वतःची शेड टाकली, आणि त्यानंतर कोणी त्याच्याकडे जाळं म्हणून मागितलं नव्हतं. नायलॉनची दोरी बोटांत धरून तो गाठ कशी मारायचा हे मंजुळाला अजून आठवत होतं. तिच्या लक्षात आलं. हा माणूस मासे धरायच्या जाळ्यांबद्दल बोलतो आहे.

“वा, व्याही,” दामाजी म्हणाला. “याला बोलतात मागणं. लोक टीव्ही मागतात, स्कूटर मागतात. तुमी कोळ्यासारखं मागितलंत. दिली. बारा जाळी दिली.”

“मजबूत पायजेत हां, शेठ.”

“मजबूत म्हंजे? हत्ती अडकला पायजे हत्ती.”

“हत्तीचं ऱ्हाऊ द्या,” दगडाबाई म्हणाली. “बोट अडवलं तरी पुरं. भोकं बारीक ठेवा. बोट जाता कामा नये.”

“म्हंजे कोळंबीची बोला की,” दामाजी म्हणाला आणि मांडीवर थाप मारून हसला.

मोठागावकर पण हसले. शेठ मस्करी करतात असं त्यांना वाटलं. आपल्या जाणकारीला दाद मिळाली असं शेठना वाटलं. दोन्ही बाजू अगदी मनापासून हसत होत्या आणि कोण कशाला हसतं याचा कोणालाच पत्ता नव्हता.

पत्ता होता तो नंदाला. तिने तोंड उघडलं. मंजुळाने पदराआडून तिच्या मांडीला असा चिमटा घेतला की ते तोंड तसंच मिटलं.

“चहा बघ जा,” मंजुळा म्हणाली.

“चहा झालाय, आई.”

“मग परत टाक.”

एक शब्द बोलायचा होता फक्त. अहो, ती जाळी नव्हे, ही जाळी. शब्द जिभेवर होता. मंजुळाने नवऱ्याकडे बघितलं, कोपऱ्यात बसलेल्या लेकाच्या हातांकडे बघितलं, आणि जिभेवरचा शब्द गिळून भलताच काढला.

“भावजी, अडकित्ता आणता? चांगल्या कामाला उशीर कशाला?”

गोमाजीने अडकित्ता आणला. उरलेल्या दोन बोटांत आणि अंगठ्यात तो फिरवून दाखवत तो म्हणाला, “सुपारी मीच फोडतो, माझ्याच बोटांमुळे तर जमलंय.” म्हणजे बढाया झाल्या होत्या, विनोदही झाला, ताकिदींतली नंदाची तेवढी शिल्लक होती. सुपारी फुटली. चार माणसांत बारा जाळ्यांचं कबूल झालं, आणि दगडाबाईने मंजुळाच्या तोंडात साखर घातली. मंजुळाला ती साखर बराच वेळ गिळवली नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण दामाजीच्या अंगात आता होडीवाल्या बापाचं वारं शिरलं होतं.

“चला,” तो म्हणाला, “जेवायला अवकाश हाय. व्याह्यांना शेड दाखवतो.”

“शेड बगायचीच हाय,” राघो म्हणाला. “माप पण घ्यायला लागंल ना.”

“माप घेऊ की,” दामाजी म्हणाला. जाळ्यांचं माप शेडमध्ये कशाला, असा विचार त्याच्या मनात आला नाही. आनंदात असला की तो विचार करत नसे.

मालाचा टेम्पो दारात होता. प्रभाकर चालवायला बसला, पुढे दोघे व्याही, आणि बाकीची मंडळी मागे गोणपाटावर. टेम्पोने माजिवडा ओलांडला. मग नंदाने आईच्या कानाशी तोंड नेलं.

“आई, बाबांना कळलेलं नाही.”

“माहीत आहे.”

“तुला तेव्हाच कळलेलं?”

“तुझ्या आधी.”

नंदाने आईकडे असं बघितलं जसं तिने आजपर्यंत कधी बघितलं नव्हतं. मंजुळाला थोडी लाज वाटली आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटली.

“उतरल्या उतरल्या दवाखान्यात जा,” मंजुळा म्हणाली. “उत्तराला बोलावून आण. रीत गेली खड्ड्यात.”

पलीकडे गोमाजी दगडाबाईला रस्ता समजावून सांगत होता. “आणि हा आमचा तीन हात नाका. माणसाला हात दोन, नाक्याला तीन. एक जास्तीचा ठेवलाय, प्रेसवाल्यांच्या सोयीसाठी.”

दगडाबाई हसली नाही. तिने त्याचा उजवा हात सरळ आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि दोन आखूड बोटं नीट निरखली.

“दुकतात का रं?” तिने विचारलं.

गोमाजीला या प्रश्नाची सवय नव्हती. विनोद केला की माणसं हसतात, विषय संपतो, असं त्याचं गणित होतं. “थंडीत,” तो म्हणाला, आणि हात तिच्या मांडीवरच राहू दिला.

घाईचा माल होता म्हणून रविवार असूनही शेडमध्ये दोन मशिनं चालू होती. कामगारांनी उठून नमस्कार केले. दामाजीने मालकाच्या थाटात हात हलवून त्यांना परत बसवलं. राघो आत शिरला, चपला बाहेर काढून शिरला, देवळात शिरावं तसा. पहिल्या मशीनसमोर उभा राहून त्याने ठोकळ्याकडे बघितलं, खाली वाकून फटीत बघितलं, आणि तळहात मशीनच्या तोंडासमोर आडवा धरला.

“हितं बसंल ना जाळी?”

“हितं?” दामाजी म्हणाला. “मशीनवर जाळं कशाला, व्याही? सुकवायला?”

राघो वळला. “सुकवायला नाय, शेठ. बोटं वाचवायला.”

दामाजी हसता हसता थांबला. त्याने राघोकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि एकेक मशीन मोजल्यासारखी त्याची नजर शेडभर फिरली. बारा जाळी. भोकं बारीक. बोट जाता कामा नये. मंजुळाला त्याच्या चेहऱ्यावर एकेक शब्द जागेवर बसताना दिसला.

“नंदा,” तो म्हणाला. आवाज मशिनांच्या वर गेला. “कुठं हाय ती? हा तिचा डाव.”

“तिचा नाही,” मंजुळा म्हणाली. “माझा.”

“तुझा?”

“डाव नव्हता. पण तुम्ही चुकीचं ऐकलंत ते मला कळलं, आणि मी गप्प बसले. मुद्दाम बसले.”

“व्याह्यांसमोर मला येडा बनवलास?”

“नुसतं बोलून तुम्ही ऐकलं असतं?”

तो चिडला. चिडला की दामाजी फार व्यवहारी होतो. “मी शब्द पाळणारा माणूस हाय,” त्याने राघोला सांगितलं. “जाळी बोललो, जाळी देतो. बारा. कोळंबीची. उद्या मोठागावला पोचतील.”

“मना काय करायची?” राघो शांतपणे म्हणाला. “खाडीत आता कोळंबी ऱ्हायलीय कुठं? हितल्या कारखान्यांचं पाणी येतंय तिथं.”

तेवढ्यात नंदा आली, आणि तिच्यामागून उत्तरा, दवाखान्याचा पांढरा कोट तसाच अंगात. दगडाबाईने कपाळावर हात मारला, कारण सुपारी फुटल्याबरोबर पोरगी सासऱ्यासमोर उभी राहते हे मोठागावात पंधरा दिवस पुरणार होतं. पण तिने भाचीला अडवलं नाही. उलट बाजूला सरकून जागा करून दिली.

“मामा,” उत्तरा म्हणाली, “मी रागवायला नाही आले.”

“मग बोल. तू पण बोल. सगळेच बोलतायत.”

“प्रेसवाल्यांचे हात रोज येतात माझ्याकडे. मला आता नुसता टॉवेल बघून कळतं, बोट आहे का गेलंय. एखाद्या दिवशी टॉवेल उघडला आणि आत यांचा हात असला तर मी काय करू? मला बांधता येणार नाही.” यांचा म्हणजे प्रभाकरचा. तो तिथेच उभा होता आणि कानापर्यंत लाल झाला होता. “माझी दुसरी काही मागणी नाही, मामा.”

दामाजीचा राग थोडा उतरला, पण हेका उतरला नाही. “पोरी, मी इतकी वर्षं प्रेस चालवतोय. हे बघ दहाच्या दहा.” त्याने दोन्ही पंजे पसरून दाखवले. “बोटं बेसावध माणसाची जातात. आता आमचा गोमा. माझा भाऊ हाय, पण बेसावध.”

एरवी इथे गोमाजीचा विनोद यायचा. सगळे वाट बघत थांबले. तो आला नाही.

“मी बेसावध नव्हतो, दादा,” गोमाजी म्हणाला.

“अरे, तूच बोलायचास ना, माझं लक्ष नव्हतं.”

“बोलायचो. तुला बरं वाटावं म्हणून. मी शेपूट ढकलत होतो. तू बोललेलास, शेपूट टाकायचं नाय. मी तुझंच ऐकत होतो.”

मंजुळाने आपल्या दिराला लग्नात पाहिलं तेव्हा तो मिसरूड न फुटलेला होता. तेव्हापासून त्याने थोरल्या भावाला एकदाही उलट उत्तर दिलेलं तिला आठवत नव्हतं. दामाजीलाही आठवत नसावं. त्याने घसा खाकरला, इकडे तिकडे बघितलं, आणि हरायला आलेला माणूस करतो तसं भलतंच केलं.

“प्रभ्या, बस मशीनवर,” तो म्हणाला. “दाखव यांना. शेपटापर्यंत दाखव. यांना वाटतं आपण इथं माणसं कापतो.”

प्रभाकरने उत्तराकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि बापाचं ऐकायची सवय असलेला मुलगा इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून बसला. पट्टी घातली, पेडल दाबलं. ठोकळा आदळू लागला. वॉशर पडू लागले.

आणि दामाजी शेजारी उभा राहिला. ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती, मंजुळाच्या तिथे पहिल्यांदा आली. शेडमध्ये प्रत्येकाचं तोंड आपल्या मशीनकडे असतं. दामाजीही दिवसभर आपल्याच मशीनवर बसायचा, मालक असून कामगारापेक्षा जास्त बसायचा, त्याचा त्याला अभिमान होता. त्यामुळे त्याने स्वतःची बोटं आयुष्यभर बघितली होती. दुसऱ्याची बोटं, तीही पोटच्या पोराची, अशी शेजारी उभं राहून त्याने कधी बघितलीच नव्हती.

मंजुळा मशीनकडे बघत नव्हती. तिला बघवतच नव्हतं. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. पट्टी लांब होती तोवर ते तोंड ताठ होतं. पट्टी हातभर राहिली तेव्हा त्याने ओठ चावला. वीतभर राहिली तेव्हा त्याचा स्वतःचा हात नकळत मागे मागे जायला लागला, जणू तोच हात मशीनमध्ये होता. ठोकळा वर गेला, प्रभाकरची बोटं आत गेली, ठोकळा खाली आला. वर गेला. बोटं आत गेली.

“बंद कर,” दामाजी म्हणाला.

आवाजात प्रभाकरला ऐकू गेलं नाही.

“बंद कर रे.” आणि मग तो धावला. जाडजूड माणूस, सुपारीचा नवा सदरा घातलेला, पट्ट्यांच्या गठ्ठ्यावरून उडी मारून धावला आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. चालू होती ती सगळी मशिनं थांबली. शेडमध्ये इतकी शांतता मंजुळाने कधी ऐकली नव्हती.

“टाक ते,” दामाजी धापा टाकत म्हणाला.

“बाबा, अजून तीन-चार वॉशर निघतील यातून.”

“टाक बोललो ना.”

प्रभाकरने तुकडा खाली टाकला. दामाजी परत आला, लेकाच्या समोर खाली बसला, आणि सगळ्यांच्या देखत त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन उलटासुलटा करून बघू लागला, बाजारात पापलेट बघावं तसा. मंजुळाला रडू फुटलं आणि त्याच दमात हसूही फुटलं, कारण रोज संध्याकाळी ती चोरून जे करायची ते हा माणूस व्याह्यांसमोर राजरोस करत बसला होता.

मान वर न करताच तो बोलला.

“गोमा, शेड बंद. जाळ्या लागल्याशिवाय एक पेडल दाबायचं नाय.”

“दादा, मंगळवारी माल जायचाय.”

“उशिरा जाईल. पार्टीशी मी बोलतो, शिव्या मी खातो. कामगारांचा पगार चालू. आणि पयली जाळी माझ्या मशीनला. मी नाय लावली तर कोण लावंल?”

“लावतात, मामा,” उत्तरा म्हणाली. आता तिच्या आवाजात भीड राहिली नव्हती. “लावतात आणि आठ दिवसांनी काढतात. काम सावकाश होतं म्हणून काढतात. कोणीतरी रोज बघायला पाहिजे.”

दामाजीने विचार केला. हे कठीण होतं, कारण स्वतःच्या मशीनवर बसणं हाच त्याचा सगळा मोठेपणा होता.

“मी बघेन,” तो शेवटी म्हणाला. “मी आता मशीनवर नाय बसणार. फिरणार. आणि गार्ड काढलेला दिसला की बाहेर, मग तो माझा भाऊ असो नायतर पोरगा.”

“बाबा,” नंदा म्हणाली, “तुम्ही गार्ड बोललात.”

“मालक हाय मी. मला चालतं.”

सगळी हसली, ओव्हरटाइमला आलेले कामगारही हसले, आणि या वेळी सगळे एकाच गोष्टीला हसत होते. गोमाजीने भंगाराच्या डब्यात तो तुकडा स्वतः नेऊन टाकला. दगडाबाईने मंजुळाचा हात धरला आणि जेवणाला काय केलंय ते विचारलं, म्हणजे तिच्या बाजूने व्यवहार पुरा झाला होता. दामाजी मात्र कपाळाला आठी घालून काहीतरी जुळवत होता.

“पण व्याही,” तो म्हणाला, “हे काय बरोबर जमलं नाय. देज मी तुमाला द्यायचं. जाळ्या लागणार माझ्या शेडला, मशिनं माझी, हात माझ्या पोराचा. सगळं माझ्याच घरात राहिलं. तुमाला काय मिळालं?”

राघो नेहमीसारखा सावकाश बोलला.

“माझी पोर पण तुमचेच घरान येतंय, शेठ. तिथं जे अख्खं ऱ्हाईल, ते माझंच.”

 दामाजीने मान हलवली, आणि प्रभाकरचा हात अजून आपल्या हातात आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही.